सूतिकागृहातील कर्म आणि अकर्म

जी घटना निसर्गक्रमाने बहुधा सुखरूपच पार पडणार आहे, परंतु जिच्यात क्वचित्, आणि तेही पूर्वसूचना न देता, दोन जिवांवर एकाच वेळी प्राणसंकट ओढवू शकते, अशा घटनेच्या सन्निध उभ्या असलेल्या जाणत्या माणसाचा धर्म कोणता, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा दिसला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. निरोगी स्त्रीची साधी, जोखीम नसलेली प्रसूती ही अशी घटना होय. तिच्याविषयी वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत जे नियम सिद्ध केले ते आता निर्विवाद म्हणावे इतके स्पष्ट झाले आहेत. आणि तरीही ते नियम ग्रंथातून प्रसूतिकक्षात उतरताना वाटेतच कोठेतरी अडखळतात. या अडखळण्याची कारणे सांगताना मनुष्यबळाचा तुटवडा, प्रशिक्षणाचा अभाव, जुनी वहिवाट अशी यादी नेहमी दिली जाते, आणि ती खोटी नाही. परंतु या सर्वांच्या तळाशी कर्म कशाला म्हणावे याविषयीची आपली एक चुकीची समजूत आहे, आणि तिची दखल घेतल्यावाचून परिपत्रकांची संख्या कितीही वाढवली तरी काम पुढे सरकणार नाही, असे मला वाटते.

प्रथम हे नियम काय म्हणतात ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली साध्या प्रसूतीच्या शुश्रूषेविषयी एक मार्गदर्शिका काढली आणि तीत प्रचलित उपचारांची चार वर्गांत विभागणी केली: उपयुक्त म्हणून उत्तेजन द्यावे असे, अपायकारक किंवा निष्फळ म्हणून सोडून द्यावे असे, ज्यांविषयी पुरावा अपुरा आहे असे, आणि मुळात ग्राह्य असूनही वारंवार अस्थानी योजले जाणारे. २०१८ साली त्याच संघटनेने ५६ शिफारशींचा नवा संच प्रसिद्ध केला. तो वाचताना प्रथम डोळ्यांत भरते ते हे की, त्यातील कितीतरी शिफारशी काय करू नये हे सांगणाऱ्या आहेत. प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत, एनिमा देऊ नये, योनिमार्गाला सरसकट छेद देऊ नये, मूल लवकर बाहेर यावे म्हणून पोटावर दाब देऊ नये, केवळ वेळ वाचावा म्हणून कळा वाढवणारी औषधे देऊ नयेत, अंतर्तपासणी चार तासांच्या अंतराने करावी आणि उगाच वारंवार करू नये, बाळाची नाळ निदान एक मिनिट तरी कापू नये, आणि पहिले चोवीस तास त्याला न्हाऊ घालू नये. शास्त्राने आपल्या उपासकाला हात आवरण्याची इतक्या वेळा आज्ञा करावी, हे वैद्यकाच्या इतिहासात फारसे घडलेले नाही.

आता या आवरण्याला आपल्या विचारपरंपरेत स्थान कोणते? पूर्वमीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावताना विधी आणि निषेध असा भेद केला, आणि त्यांचा सिद्धान्त असा की, निषेध पाळल्याने अनर्थ टळतो, परंतु विहित कर्माचे अनुष्ठान केल्याने जसे फल पदरात पडते तसे निषेधपालनाने काही पडत नाही. यज्ञाच्या बाबतीत हा सिद्धान्त कसा आहे ते पंडितांनी ठरवावे. प्रसूतिकक्षात मात्र तो, कोणी न शिकवताही, सर्वांच्या अंगी मुरलेला आढळतो. छेद दिला, टाके घातले, सलाईन लावले, इंजेक्शन दिले, शस्त्रक्रिया केली, याची नोंद होते, बिल होते, कृतज्ञताही होते. आठ तास कळा देणाऱ्या स्त्रीजवळ एक परिचारिका बसून राहिली, तिने दर पंधरा ते तीस मिनिटांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले, पाणी पाजले, कंबर चोळून दिली, फिरायला सांगितले, आणि यापलीकडे काहीही केले नाही, तर दप्तरात या आठ तासांचा शेरा एका ओळीचा: प्रसूती नॉर्मल. जे केले नाही त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. आणि ज्याची नोंद होत नाही ते घडलेच नाही असे मानण्याची कारभाराची रीत जुनी आहे.

याहून खोल जाणारी आणखी एक विषमता आहे. काही केले आणि अनिष्ट घडले, तर “शक्य ते सगळे केले” या वाक्याला समाज मान तुकवतो. काही केले नाही आणि अनिष्ट घडले, तर त्याच समाजाला त्या न करण्याचा जबाब हवा असतो. प्रसूती निर्धोक होती हे ती पार पडल्यावरच निश्चित कळते, त्याआधी तो केवळ एक सुविचारित अंदाज असतो. आणि अंदाजाच्या भरवशावर हात आवरून बसण्यासाठी जे धैर्य लागते ते कात्री हाती घेण्याच्या धैर्यापेक्षा कमी प्रतीचे नाही. ज्या डॉक्टरला मध्यरात्री, रक्तपेढी तीस मैल दूर असलेल्या गावात, बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या नजरा सोसत हा अंदाज करावा लागतो, त्याच्या भीतीला मी दोष देणार नाही. तथापि भीतीतून घडलेल्या कर्माला कर्तव्य हे नाव देण्याचा जो परिपाठ पडला आहे, त्याचा विचार केला पाहिजे.

गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म असे तीन शब्द एकत्र येतात, आणि कर्मात अकर्म व अकर्मात कर्म पाहणारा तो बुद्धिमान, असा निर्वाळा दिलेला आहे. भाष्यकारांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. लोकमान्यांनी १९१५ साली ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध केले तेव्हापासून महाराष्ट्रात कर्मयोगाचा जो डंका वाजला त्याने आपल्या सार्वजनिक जीवनाचे अपार हित केले. परंतु त्या ग्रंथाचा सूक्ष्म विचार बाजूला राहून, कर्मयोग म्हणजे सतत काहीतरी करीत राहणे, एवढाच स्थूल अर्थ लोकांच्या मनात उरला की काय, अशी शंका येते. प्रसूतिकक्षाइतके अकर्मातील कर्म स्पष्ट दाखवणारे दुसरे स्थळ मला माहीत नाही. तेथे शेजारी बसलेली परिचारिका हाताने काही करीत नसते, परंतु तिचे कान, तिची नजर, तिची बोटे आणि तिचा निर्णय अखंड कामात असतात. आणि उलटपक्षी, रिवाज म्हणून घाईघाईने छेद देणारा हात, त्यात विचार नसल्यामुळे, पुष्कळ हालचाल करूनही खऱ्या अर्थाने काहीच करीत नसतो.

पण येथेच एक मोठा धोका आहे. हात आवरण्याच्या या उपदेशाचा आधार घेऊन कोणी दुर्लक्षालाच संयम म्हणू लागला तर? सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात तासन्‌तास एकटी कण्हत पडलेली स्त्रीही, एका अर्थी, “हस्तक्षेपावाचून”च असते. या शंकेचे उत्तर गीतेच्याच अठराव्या अध्यायात मिळते. तेथे त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत: नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग, ते कष्टाचे आहे, शरीराला त्रास होईल, या भयाने सोडणे हा राजस, आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत राहून त्यातील आसक्ती व फलाचा लोभ तेवढा सोडणे हा सात्त्विक. काय घडते आहे याची जाणीवच नसल्यामुळे जी तपासणी राहून गेली तो तामस त्याग; झोपमोड नको म्हणून जी फेरी टळली तो राजस. नियमग्रंथाला अभिप्रेत असलेला संयम यांपैकी कोणताच नव्हे. तो आसक्ती सोडायला सांगतो, आणि येथे आसक्ती म्हणजे ही प्रसूती माझ्या हातून, माझ्या वेळेत, माझी पाळी संपण्यापूर्वी उरकावी ही इच्छा.

आणि संयमाचा हाच ग्रंथ एका क्षणी किती कठोरपणे कृतीची आज्ञा करतो तेही पाहण्यासारखे आहे. मूल जन्मले की वार पडण्याच्या वेळी, प्रत्येक स्त्रीला, मग ती कितीही धडधाकट असो, ऑक्सिटोसिनची १० युनिटे द्यावीत असे तो सांगतो, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव पाहता पाहता प्राण घेतो आणि कोणाला तो होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणजे जे औषध कळा उगाच वाढवण्यासाठी देऊ नये, तेच औषध काही वेळाने न दिल्यास दोष लागतो. द्रव्य एकच, शय्येवरची स्त्री एकच, देणारा हातही एकच. फरक काळाचा आणि प्रयोजनाचा. धर्म सूक्ष्म आहे असे आपण महाभारताच्या आधाराने नेहमी म्हणतो. त्याची सूक्ष्मता एवढ्या थोड्या अवकाशात, एवढ्या मूर्त स्वरूपात क्वचितच पाहायला मिळते.

नियम आणि विवेक यांचे नाते कसे बिघडते याचे एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगे आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या प्रसूतितज्ज्ञाने प्रथमच बाळंत होणाऱ्या ५०० स्त्रियांच्या प्रसूतीचा आलेख मांडला आणि गर्भाशयाचे तोंड उघडण्याची गती आकड्यांत पकडली. पुढे १९७२ साली, त्या वेळच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी आलेखावर एक इशारारेषा आखली: दर तासाला एक सेंटिमीटर. मंदगतीने बाळंत होणाऱ्या दशांश स्त्रियांच्या गतीवरून ती काढलेली होती, आणि तिचा हेतू अत्यंत दयाळू होता. दूरच्या दवाखान्यात अडलेल्या बाईला वेळेवर मोठ्या रुग्णालयात हलवता यावे, एवढाच. परंतु इशाऱ्याची रेषा काळाच्या ओघात आज्ञेची रेषा झाली. जी स्त्री तासाला एक सेंटिमीटर या हिशेबात बसेना तिची प्रकृती मंद ठरली, तिला औषध, मग शस्त्रक्रिया. २०१८ च्या ग्रंथाने ही चूक स्पष्ट शब्दांत दुरुस्त केली: ही गती काही स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव आहे, केवळ तेवढ्यावरून कोणाला धोका आहे हे ओळखता येत नाही, सक्रिय अवस्था पाच सेंटिमीटरपासून धरावी, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत ती बारा तासांपर्यंतही चालू शकते. पुष्कळांच्या बाबतीत जे घडते ते पाहून, प्रत्येकाच्या बाबतीत तेच घडले पाहिजे असे ठरवणे, हा तर्कदोष नीतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. येथे त्याची किंमत स्त्रियांनी आपल्या शरीराने मोजली. आणि खेदाची गोष्ट ही की, जो आलेख प्रसूती चालू असताना निर्णयाला साहाय्य व्हावे म्हणून निर्माण झाला, तो कित्येक ठिकाणी प्रसूती उरकल्यावर, तपासणी अधिकाऱ्याच्या समाधानासाठी, आठवणीने आणि अंदाजाने भरला जातो. मग तो आलेख राहत नाही, दस्तऐवज होतो.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथांचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, पण तो सावधपणे केला पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, आसन्नप्रसवेजवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात याचे वर्णन आहे: ज्यांना अनेकदा प्रसूतीचा अनुभव आहे, ज्या स्नेहशील, प्रसंगावधानी, कष्ट सोसणाऱ्या आहेत, ज्यांच्या मनात विषाद नाही, आणि ज्या त्या गर्भिणीला स्वतःला मान्य आहेत. कळ आलेली नसताना जोर करू नये, कारण शिंकेचा वेग आला नसता शिंकू म्हणणाऱ्याचा प्रयत्न जसा व्यर्थ जातो तसाच हाही जातो, असे तेथे सांगितले आहे. आसन्नप्रसवेने मुसळ घेऊन कांडावे असे म्हणणाऱ्यांचे मत आत्रेयांनी त्याच अध्यायात खोडून काढले आहे आणि तिने इकडेतिकडे फिरावे असे सुचवले आहे. आजचा नियमग्रंथही आपल्या मनाची सोबतीण, स्वतःच्या ओढीप्रमाणे जोर करणे, आणि हिंडण्याफिरण्याची मुभा, या तिन्ही गोष्टी सांगतो. परंतु एवढ्यावरून सारे काही पूर्वीच ठाऊक होते असा अभिमान धरणे अयोग्य होईल. त्याच परंपरेत अनेक धुऱ्या, लेप आणि अनुष्ठानेही आहेत, ज्यांचा आज आपण पुरस्कार करीत नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीला अंधारी व निर्वात ठेवणाऱ्या, तिला विटाळशी म्हणून दूर बसवणाऱ्या रूढींनी किती जीव घेतले त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात एम. डी. साठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. जुने ज्ञान नव्या ज्ञानापुढे ठेवण्याचे ते धैर्य अनुकरणीय आहे. जुन्याची ग्राह्यता त्याच्या जुनेपणावर ठरत नाही. ते परीक्षेला उतरले म्हणून ग्राह्य ठरते. सतत सोबतीच्या बाबतीत ही परीक्षा झालेली आहे: २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनुभवाचे एकत्र परीक्षण २०१७ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांच्याजवळ कोणी अखंड होते त्या अधिक संख्येने नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या, त्यांच्यावर शस्त्रक्रियेची वेळ कमी आली, आणि त्यांच्या कळांचा काळही आटोपशीर राहिला, असे त्यात आढळले.

आपल्या देशाची स्थिती पाहिली तर एक मोठे यश आणि त्याच्या पोटातील एक मोठा प्रश्न असे दोन्ही दिसतात. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दवाखान्यात होणाऱ्या प्रसूती शेकडा ३८.७ होत्या; २०१९-२१ च्या पाहणीत त्या ८८.६ झाल्या, आणि महाराष्ट्रात ९४.७. गावोगावच्या आशा सेविकांचे हे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु याच काळात पोट फाडून होणाऱ्या प्रसूती देशभरात शेकडा ८.५ वरून २१.५ वर गेल्या; सरकारी दवाखान्यांत त्या १४.३, तर खासगी दवाखान्यांत ४७.४. अडलेल्या स्त्रीसाठी ही शस्त्रक्रिया जीवदान आहे, आणि तिच्याविरुद्ध मी एक शब्दही लिहिणार नाही. पण एकाच देशातील स्त्रियांची शरीरे दवाखान्याच्या मालकीनुसार बदलत नाहीत. या आकड्यांच्या मागे जसा पैसा आहे तशीच डॉक्टरची भीती आहे, तसाच कुटुंबाचा आग्रहही आहे. आणि पंचांग उघडून, अमुक नक्षत्रावर, अमुक घटकेला शस्त्रक्रिया करावी म्हणून डॉक्टरला गळ घालणारी सुशिक्षित घरे आपल्या शहरांत आहेत, हे लिहिताना मनाला क्लेश होतो. जन्माची वेळ मनुष्याच्या हाती नसते, या गृहीतावर तर सारे जातक उभे आहे. ती वेळ विकत घेऊन मांडलेली कुंडली स्वतः ज्योतिषाच्या दृष्टीनेही काय सांगणार?

नियमांच्या अंमलबजावणीचा एक फार मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला, आणि त्याचा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. सुरक्षित प्रसूतीच्या आवश्यक गोष्टींची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली होती. कर्नाटकातील पहिल्या चाचणीत, २९ पैकी सरासरी १० गोष्टी पाळल्या जात होत्या त्या यादीमुळे २५ पर्यंत गेल्या. त्यानंतर उत्तर प्रदेशात २०१४ ते २०१६ या काळात १२० दवाखान्यांत, दीड लाखाहून अधिक मातांच्या बाबतीत, ही यादी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनासह योजून पाहण्यात आली. दोन महिन्यांनी आवश्यक कृत्यांचे पालन शेकडा ७३ झाले. जेथे यादी नव्हती तेथे ते ४२ होते. मार्गदर्शक निघून गेल्यावर, वर्षाअखेरीस, ते ६२ वर उतरले. आणि माता व बालकांचे मृत्यू व गंभीर आजार यांत दोन्हीकडे लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्काम कर्माचा उपदेश ऐकत वाढलेल्या मनाला येथे एक सोपे समाधान सुचेल: कर्म केले, फल आपल्या हाती नव्हते. हे समाधान मला मान्य नाही. फलाची आसक्ती सोडणे निराळे आणि फलाची परीक्षा सोडणे निराळे. पहिल्याने कर्ता शुद्ध होतो, दुसऱ्याने रोगी दगावतो. यादीमुळे हात धुतले गेले, हे चांगलेच झाले. पण यादी रक्त पुरवीत नाही, रात्री गाडी आणीत नाही, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे कसब बोटांत भरत नाही, आणि चार खाटांवर चार स्त्रिया कळा देत असता एकट्या परिचारिकेची चार रूपे करीत नाही. दुसऱ्या अवस्थेत बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी ऐकावेत असे नियम सांगतो. एका जोडी कानांनी चौघींच्या बाबतीत तो कसा पाळायचा? जागरूक संयमाला कृतीपेक्षा अधिक माणसे लागतात. सलाईनमध्ये औषध घालून कळा वाढवणे आणि पुढल्या खाटेकडे वळणे हे त्या एकटीला वेळ पुरवण्याचे साधन होऊन बसते, आणि मग नियमभंगाचा दोष तिच्या माथी मारणे हा अन्याय होय. २०१७ अखेर भारत सरकारने प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी ‘लक्ष्य’ योजना सुरू केली, आणि २०१८ साली परिचारिकांना अठरा महिन्यांचे शिक्षण देऊन स्वतंत्र जबाबदारीच्या प्रसूतिसेविका तयार करण्याचे ठरवले. या दुसऱ्या निर्णयाचे मोल मला अधिक वाटते, कारण जवळ बसून राहणे हीच जिची विद्या, अशी एक स्वतंत्र अधिकारी व्यक्ती त्याने प्रसूतिकक्षात उभी केली आहे. तो निर्णय कागदावर मंदावता कामा नये.

राहिला प्रश्न ममतेचा. नियमग्रंथातील शिफारशींचा प्रारंभ स्त्रीला सन्मानाने वागवण्यापासून होतो. कळा असह्य होऊन ओरडणाऱ्या स्त्रीला दरडावणे, क्वचित् चापट मारणे, “तेव्हा कळले नाही का” असे लाजिरवाणे बोलणे, हे आपल्या प्रसूतिकक्षांत घडते हे नाकारण्यात अर्थ नाही. ममता हुकमाने निर्माण होत नाही, हे खरे. परंतु तिच्या अभावाला साक्षीदार नसावा अशी व्यवस्था हुकमाने मोडता येते. घरची एक बाई, आई असो, सासू असो, थोरली जाऊ असो, त्या खाटेपाशी उभी असेल तर पुष्कळ जिभांना आपोआप आवर बसतो, आणि खाटेवरच्या स्त्रीला ज्या हाताची गरज असते तो हातही मिळतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला आत येण्याची मुभा दिली आहे; तिने स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेला असावा अशी अपेक्षा त्यात आहे, आणि जेथे एकान्ताची सोय आहे तेथे पतीलाही मज्जाव नाही. तरीही अनेक प्रसूतिकक्षांच्या दाराशी आजही आई बाहेर बसते आणि मुलगी आत एकटी असते. हुकूम निघालेला आहे; त्याला नवे यंत्र लागत नाही, नवे पद लागत नाही; दोन खाटांमध्ये एक पडदा आणि खाटेशेजारी एक स्टूल लागते. माझे जिल्हा शल्यचिकित्सकांना, ग्रामीण रुग्णालयांच्या अधीक्षकांना आणि खासगी सूतिकागृहांच्या चालकांना कळकळीचे मागणे आहे की, बाकीच्या शिफारशींना जो अवधी लागायचा तो लागो, पण एवढी तजवीज त्यांनी याच महिन्यात करावी.